ग्रिंडल आणि मायक्रोवर्मचं स्टार्टर कल्चर : सव्वा वर्ष वापरून झाल्यावर

परवा लॅबमध्ये रिपोर्ट न्यायला आलेल्या एका बाईंनी विचारलं, "तुम्ही माशांसाठी ते किडे घरी वाढवता ना? विकत घ्यावेत का हो? मूठभर किड्यांचे साडेतीनशे रुपये म्हणजे जास्तच वाटतात." त्यांच्या घरी फायटर माशांच्या जोडीने अंडी घातली होती आणि त्यांना घाई होती. उभ्या उभ्या जेवढं सांगता आलं तेवढं सांगितलं. बाकीचं इथे लिहिते.

मी साताऱ्यात पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन आहे. घरी सहा फायटर आणि गप्पींची एक टाकी. ग्रिंडल आणि मायक्रोवर्म हे माशांना जिवंत खाद्य म्हणून द्यायचे बारीक किडे, आणि कल्चर म्हणजे ते डब्यात वाढवत ठेवायचं बियाणं. ही कल्चरं घ्यायची वेळ का आली ते आधी सांगते, कारण त्याशिवाय पैसे वसूल झाले की नाही हे कळणार नाही.

त्याआधीच्या दिवाळीत आमच्या निळ्या नराने बदामाच्या पानाखाली बुडबुड्यांचं घरटं बांधलं. मादीची अंडी तोंडात धरून एकेक करून घरट्यात लावली. दीड दिवसात अंडी फुटली. पुढचे दोन-तीन दिवस पिल्लं शेपट्या खाली सोडून घरट्याला लटकत होती, आणि मग एका सकाळी सगळी आडवी होऊन पोहायला लागली. दीडशेच्या आसपास असतील. दुकानातून पिल्लांची म्हणून मिळणारी पावडर आणली आणि चिमूट चिमूट घालत राहिले. पावडर थोडा वेळ पाण्यावर तरंगायची, मग तळाशी बसून कुजायची. पिल्लं तिच्याकडे ढुंकूनही बघत नव्हती. आठव्या दिवशी सहा उरली, पंधराव्या दिवशी एकही नाही. रोज सकाळी ड्युटीला जाण्याआधी ड्रॉपरने मेलेली पिल्लं काढायची हे काम मी कधी विसरणार नाही. फायटरचं पिल्लू हलणाऱ्या गोष्टीवरच झडप घालतं, आणि अन्नाने भरलेल्या टाकीत ती उपाशी मेली, हे मला नंतर कळलं.

मग शोधाशोध केली. ट्युबिफेक्स, म्हणजे बाजारात मिळणारे लाल बारीक किडे, नको होते. ते गटाराच्या, सांडपाण्याच्या गाळात वाढतात, कितीही धुतले तरी माझं मन घेत नाही, आणि पिल्लांच्या तोंडात ते मावतही नाहीत. आर्टेमियाची, म्हणजे खाऱ्या पाण्यातल्या कोळंबीसारख्या इवल्या जिवाची, अंडी मिठाच्या पाण्यात रोज उबवायची म्हणजे रोज नवी बाटली, रोज हवेचा पंप, रोज गाळणं. माझ्या सकाळच्या ड्युटीत ते बसेना. शेवटी एका ओळखीतून पुण्याच्या एका मुलाचा नंबर मिळाला. तो घरच्या गच्चीखालच्या खोलीत कल्चर वाढवून कुरियरने पाठवतो. महिन्याला मोजकेच डबे देतो आणि ओळखीबाहेर नाव देऊ नका म्हणाला, म्हणून नाव लिहीत नाही. पण माल कसा असावा आणि विकणारा कसा असावा, हे त्याच्याकडून घेतल्यावर मला कळलं. ते कुणाकडूनही घेताना उपयोगी पडेल.

मी सरळ ऑर्डर द्यायला फोन केला होता. त्याने आधी मलाच प्रश्न विचारले. "काकू, पिल्लं आत्ता आहेत का पुढे होणार आहेत? मोठ्या माशांना पण द्यायचंय का? आणि मे महिन्यात तुमच्या घरात तापमान किती जातं?" मी व्हाइट वर्मपण मागितले होते, ग्रिंडलच्याच कुळातले पण मोठे. तो म्हणाला, "ते घेऊ नका. त्यांना पंधरा डिग्रीच्या आसपासची थंडी लागते. फ्रिज वेगळा ठेवणार असाल तर देतो, नाहीतर तुमचे पैसे वाया जातील." स्वतःचा गल्ला कमी करून खरं सांगणारा माणूस भेटला की मला हायसं वाटतं. ग्रिंडलचे २०० रुपये, मायक्रोवर्मचे १५०, कुरियरचे ९०. पार्सल तो फक्त सोमवारी टाकतो, म्हणजे रविवार मध्ये येऊन डबा कुरियरच्या गोदामात पडून राहत नाही. हे त्याने न विचारता सांगितलं.

जानेवारीतल्या बुधवारी पार्सल आलं. ग्रिंडलचा डबा पेढ्याच्या पाव किलोच्या डब्याएवढा, झाकणाला चार भोकं आणि भोकांत स्पंजचे बोळे. आत ओलसर कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), त्यावर पारदर्शक प्लॅस्टिकचा एक तुकडा. तुकडा उचलला तर खालच्या बाजूला पांढरे, सुताएवढे बारीक जीव चिकटलेले. एकेक जेमतेम पाऊण-एक सेंटिमीटरचा. भिजवलेल्या शेवया कुणी बोटाने हलवाव्यात तसे ते एकमेकांत सरकत होते. नाकाशी नेऊन वास घेतला. पहिल्या पावसात कुंडीला येतो तसा मातीचा वास. हीच पहिली परीक्षा. ग्रिंडलच्या डब्याला आंबूस किंवा सडका वास येत असेल तर डबा परत करावा.

मायक्रोवर्मचा डबा त्याहून लहान. आत शिजवलेल्या ओट्सचा थर आणि पृष्ठभागावर नुसती चकाकी. लांबून काहीच दिसत नाही. डबा तिरका करून उजेडात धरला की ती चकाकी हलते. कडेला भिंतींवर वर चढलेल्या जाळ्या दिसतात, त्या म्हणजेच वर्म. या डब्याचं झाकण मात्र प्रवासात थोडं सुटलं होतं आणि बाजूने ओट्सचं पाणी गळून पुठ्ठा ओला झाला होता. एक-दीड चमचाच गेलं, पण सील करायला हवं होतं. तसं त्याला कळवलं. नंतरच्या पार्सलांना तो टेप लावायला लागला.

माझा धंदा मायक्रोस्कोपचा, त्यामुळे दुसऱ्या दिवशी दोन्हीचे थेंब लॅबमध्ये नेले. वेगळ्या स्लाइडवर, सगळे नमुने संपल्यावर, डॉक्टरांना विचारून. मायक्रोवर्म म्हणजे पॅनाग्रेलस नावाचा सूत्रकृमी. दहाच्या लेन्सखाली तो चाबकासारखा सपसप हलतो. एका मादीच्या पोटात पिल्लं वळवळताना दिसली, कारण या जातीची मादी अंडी बाहेर टाकत नाही, जिवंत पिल्लं देते. म्हणून तर आठवड्यात डबा भरून जातो. ग्रिंडल अगदी वेगळा. तो गांडुळाच्या कुळातला, अंगाला वळ्या असलेला, आणि इतका पारदर्शक की पोटातलं अन्न बाहेरून दिसतं. पुढे मी त्यांना स्पिरुलिना घातलेलं खाद्य दिलं तेव्हा प्रत्येकाच्या पोटात हिरवी रेघ होती. जे त्यांना खायला घालाल तेच माशाच्या पोटात जातं, हे त्या रेघेत मला डोळ्यांनी बघायला मिळालं.

घरात एक प्रश्न आला आणि तो योग्यच होता. सासूबाई म्हणाल्या, "अगं, हे जंत आहेत ना? पोराच्या पोटात गेले म्हणजे?" मी आयुष्यभर जंतांची अंडी शोधण्याचं काम करते, तेव्हा त्यांना समजावणं माझं कर्तव्यच होतं. "आई, हे मोकळे राहणारे आहेत. कुजलेल्या पानात, पिठात वाढतात. माणसाच्या आतड्यात हे राहत नाहीत." तरीही किड्यांची वाटी, चमचा, ड्रॉपर सगळं वेगळं, आणि हात साबणाने धुवायचे, हा नियम पहिल्या दिवसापासून आहे. आता ग्रिंडलचे डबे सासूबाईंच्याच खोलीत असतात, कारण घरातली सगळ्यात थंड खोली ती आहे.

आता वाढवण्याबद्दल. पुण्याच्या मुलाने सोबत दिलेला कागद इंग्रजीत आणि मुंगीएवढ्या अक्षरात होता. ही तक्रार मी अजून करते. पण सूचना चोख होत्या. नर्सरीत मिळणारी साडेसहाशे ग्रॅमची कोकोपीटची वीट घ्यायची, भिजवायची, तीन पाण्यांनी धुवायची, कारण काथ्याच्या भुशात मिठाचा अंश असतो. मग दहा मिनिटं उकळून गार करायची, म्हणजे त्यातले माइट्स (कोळ्याच्या कुळातले अगदी बारीक जीव) आणि त्यांची अंडी मरतात. मुठीत दाबल्यावर एखाद-दोन थेंब पडतील एवढीच ओल ठेवायची. माझ्या पहिल्या डब्यात धार लागत होती. तळाशी पाणी साचलं, वास आला आणि सगळे वर्म झाकणाशी येऊन बसले. अर्धं कोकोपीट पिळून परत घातल्यावर दोन दिवसांत खाली गेले.

खायला मांजराच्या खाद्याचे दाणे, पाण्यात बुडवून मऊ केलेले. रोज दोन. दाणा ठेवायचा, वर प्लॅस्टिकचा तुकडा, झाकण बंद. संध्याकाळी उघडलं की दाणा दिसतच नाही, त्याच्या जागी पांढरा गोळा असतो आणि तो गोळा आतून हलत असतो. पंचवीस दिवसांनी पहिल्यांदा काढण्याएवढे झाले. काढायची पद्धत फार साधी आहे. तो प्लॅस्टिकचा तुकडा उचलायचा, स्टीलच्या वाटीत पाणी घेऊन त्यात खळबळायचा. वर्म तळाशी बसतात, कोकोपीटचे तुकडे तरंगतात. वरचं पाणी ओतून द्यायचं, दोनदा नवं पाणी घ्यायचं. तिसऱ्या पाण्यात वाटीच्या तळाशी स्वच्छ पांढरा पुंजका उरतो. तो ड्रॉपरमध्ये घेऊन टाकीत सोडला की मरगळलेला फायटरसुद्धा कल्ले फुलवून धावतो. मोठ्या माशांना मी हे आठवड्यातून तीनदाच देते. ग्रिंडल चरबीयुक्त असतात, रोज दिले तर मासे सुटतात. उरलेले दिवस साधं दाण्याचं खाद्य.

मायक्रोवर्मला याहून कमी कष्ट. ओट्स घट्ट शिजवून गार करायचे, अर्धा इंच थर, वर चिमूटभर यीस्ट आणि जुन्या डब्यातला एक चमचा. चौथ्या दिवसापासून भिंतींवर चढतात. कानात घालायची कापसाची काडी भिंतीवरून फिरवायची आणि टाकीच्या पाण्यात बुडवायची, ओट्सला हात लागत नाही. मी ज्वारीच्या पिठाची उकड करूनही बघितलं. वर्म तेवढेच झाले, फक्त वास आंबिलीसारखा येतो. ब्रेडवर मात्र दहा दिवसांत सगळं पातळ झालं. कशावरही केलं तरी दोन-तीन आठवड्यांनी डबा मरगळतो, म्हणून एक संपायच्या आत दुसरा लावावा लागतो. कायम दोन डबे ठेवा. एकच ठेवला आणि तो बिघडला तर नेमकी त्याच आठवड्यात पिल्लं होतात.

फेब्रुवारीच्या तिसऱ्या आठवड्यात त्याच निळ्या नराने परत घरटं केलं. पिल्लं आडवी पोहायला लागली त्या सकाळी नराला बाहेर काढलं आणि काडी पाण्यात बुडवली. पांढरा धूर पाण्यात उतरावा तसे मायक्रोवर्म खाली गेले. ते बुडतात, पण तळाशी पोचल्यावरही तासन् तास वळवळत राहतात, म्हणून मी त्या टाकीत खडे घातलेच नव्हते. उघड्या काचेवर ते दिसतात. मी मोबाइलची बॅटरी लावून गुडघ्यावर बसले. एक पिल्लू, पापणीच्या केसाएवढं, थांबलं. शरीर इंग्रजी एस अक्षरासारखं आखडलं, आणि पुढे झेपावलं. अर्ध्या तासाने बघितलं तर जवळजवळ प्रत्येकाच्या पोटात पांढरा ठिपका होता. मुलाला झोपेतून उठवून दाखवलं. दिवाळीत तोच माझ्याबरोबर मेलेली पिल्लं मोजत होता.

तीन आठवडे मायक्रोवर्म, मग हळूहळू ग्रिंडल. आधी त्यातले बारीक, मग मोठे. फायटरच्या पिल्लांना फक्त मायक्रोवर्मवर वाढवलं तर पोटाखालचे पर नीट येत नाहीत, असं बरेच जण सांगतात आणि बरेच जण नाकारतात. मी तळ रोज नळीने साफ केला, पाणी बदललं, आणि माझ्या पिल्लांचे पर व्यवस्थित आले. जगली किती? चौसष्ट. साठ-पासष्ट फायटर एका घरात ठेवता येत नाहीत हे खरं, पण ती अडचण मला आवडली. बहुतेक ओळखीत दिले.

सगळं सुरळीत झालं असं नाही. मार्चमध्ये लॅबचं कॅम्प होतं, म्हणून दोन दिवसांचं खाणं एकदम टाकून गेले. परत आले तर दाण्यांवर राखाडी बुरशी आणि प्लॅस्टिकवर मिठाच्या कणांएवढे ठिपके चालत होते. माइट्स. रात्री साडेनऊला पुण्याच्या मुलाला फोटो पाठवला. दहा मिनिटांत त्याचा फोन. "काकू, फेकू नका. सगळं कोकोपीट बादलीत बुडवा. माइट्स वर तरंगतील, वर्म खाली बसतील, पाण्यात ते मरत नाहीत. वरचं ओता, चार-पाच वेळा करा, खालचे वर्म नव्या कोकोपीटमध्ये घाला." रात्री बारापर्यंत तेच केलं. निम्मे गेले असतील, पण डबा वाचला. दोनशे रुपयांचा माल विकून दोन महिन्यांनी रात्री फोन उचलणं, याची किंमत मी त्या पार्सलच्या किमतीत धरते. त्या दिवसापासून नियम केला : आधीचा दाणा संपलेला दिसल्याशिवाय दुसरा नाही.

याच्या उलट अनुभवही सांगितला पाहिजे. एप्रिलमध्ये मला मोह आवरला नाही आणि दुसऱ्या एका ऑनलाइन विक्रेत्याकडून व्हाइट वर्म मागवले. ४५० रुपये. त्याने तापमान विचारलं नाही, मीही पुण्याच्या मुलाने सांगितलेलं बाजूला ठेवलं. डबा शनिवारी कुरियरच्या ऑफिसात आला, सोमवारी माझ्या हातात. झाकण उघडलं तर नुसतं काळपट पाणी आणि असा वास की गॅलरीत नेऊन ओतावं लागलं. "लाइव्ह मालाची गॅरंटी नसते" एवढंच उत्तर मिळालं आणि नंतर तेही बंद झालं. पैशांपेक्षा ते जीव असे उकडून मेले याचं मला वाईट वाटलं. उन्हाळ्यात कुणीही व्हाइट वर्म कुरियरने पाठवू नयेत आणि मागवू नयेत, एवढं कळकळीने सांगते.

ग्रिंडलनासुद्धा तिशीच्या वरचं तापमान सोसत नाही. साताऱ्यात मेमध्ये दुपारी घरातच पस्तीस-छत्तीस होतं. यावर उपाय सासूबाईंनी काढला. एक मोठी मातीची कुंडी, तिच्या बुडाचं भोक बुजवलेलं, त्यात ओली वाळू, वाळूत लहान मडकं आणि मडक्यात डबा. वरून ओलं गोणपाट. वाळूवर सकाळ-संध्याकाळ पाणी शिंपडायचं. लॅबचा जुना थर्मामीटर ठेवून बघितला : खोलीत ३६, मडक्यात २८. माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं त्याच कारणाने. आमच्याकडे हवा कोरडी, म्हणून हे साधतं. कोकणातल्या दमट हवेत एवढा फरक पडणार नाही, तिथे फरशीवरचा अंधारा कोपरा आणि थर्माकोलच्या खोक्यात बर्फाची बाटली बरी. मुंग्यांसाठी दुधाच्या पातेल्याखाली पाण्याची परात ठेवतात तसं डब्याखाली पाणी. पावसाळ्यात चिलटं झाली, तेव्हा झाकणाच्या भोकांवर फिल्टरचा जाड कापूस चिकटवला. स्पंजच्या बोळ्यांमधून ती आत शिरत होती. ही सूचनाही मी पुण्याच्या मुलाला दिली आहे.

तर त्या बाईंच्या प्रश्नाचं उत्तर. बरणीत एकच फायटर असेल आणि पिल्लांचा विचार नसेल तर काहीही घेऊ नका, चांगलं दाण्याचं खाद्य पुरतं. पिल्लं हवी असतील तर मायक्रोवर्म अंडी पडायच्या निदान आठ दिवस आधी घरात असायला हवेत. अंडी पडल्यावर धावाधाव केली तर उशीर होतो. ग्रिंडल त्याच वेळी घ्या, कारण ते तयार व्हायला महिना घेतात आणि पिल्लांना त्यांची गरज बरोबर महिन्याभराने पडते. साडेतीनशे रुपये किड्यांचे म्हणून जास्त वाटतात. मला त्यात माइट्स नसलेलं, जोमदार, योग्य दिवशी पाठवलेलं कल्चर आणि अडल्यावर उत्तर मिळालं. त्यानंतर सव्वा वर्षात मी वर्मसाठी एक रुपया खर्च केलेला नाही, व्हाइट वर्मचे साडेचारशे सोडले तर. घेताना विकणाऱ्याला तीन गोष्टी विचारा : पार्सल कोणत्या वारी टाकता, कल्चर किती दिवसांचं आहे, आणि डब्याचा आजचा फोटो पाठवता का. जो या तिन्हींची उत्तरं देतो त्याचंच घ्या.

सध्या ग्रिंडलचे चार आणि मायक्रोवर्मचे दोन डबे चालू आहेत. त्या बाईंची अंडी काल फुटली, म्हणजे त्यांच्या हातात दोनच दिवस आहेत आणि पुण्याहून पार्सल येईपर्यंत उशीर होईल. आज संध्याकाळी ड्युटी सुटल्यावर भरलेला मायक्रोवर्मचा डबा आणि कापसाच्या चार काड्या त्यांच्याकडे पोचवते आहे. ग्रिंडल त्यांनी सोमवारी मागवावेत.